पुढच्या दोन चाकांवर

७ जानेवारी २००२, सोमवार

तुटला! जीपची मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे जोड तुटला, तोही भर दुपारी जयस्तंभ चौकात. शाफ्ट खाली लोंबकळून रस्त्यावर असा आपटत होता की पानठेल्यावरचे चार रिकामटेकडे धावत आले. मदतीला नाही, बघायला. जीपमध्ये मी एकटाच होतो हे नशीब.

रस्त्याच्या कडेला घेऊन खाली शिरलो. दोन्हीकडचे बोल्ट काढले, शाफ्ट मागे टाकला. पुढच्या दोन्ही चाकांचे हब हाताने फिरवून लॉक केले, इंजिन पुढच्या चाकांनाही जोडणारा छोटा लिव्हर ‘चार’वर ओढला. चारपैकी मागची दोन चाकं आता नुसती शोभेची, गाडी ओढणार पुढची दोन. पाऊण तासात बूढ़ापाऱ्यात घरी. आजकालच्या पोरांना एवढं करायला तीन दिवस आणि एक कमिटी लागते!

ही सरकारी जीप आमच्या ऑफिसला वाटणीत मिळाली. राज्य वेगळं झालं तेव्हा भोपाळवाल्यांनी चांगल्या गाड्या ठेवून घेतल्या आणि खटारे रायपूरला ढकलले. राजधानी म्हणे!

९ जानेवारी

शाफ्ट आपटून इतका वाकलाय की लेथवाल्या खराद्याने हात जोडले. स्टोअरमध्ये गेलो. स्टोअरबाबू दिवाकर म्हणजे सरकारी खुर्चीला फुटलेली फांदी. म्हणतो, “गुलाबराव, ह्या जीपचे कागद अजून भोपाळलेच हायेत. तिकडून मंजुरी येईन तवा सामान.”

“कधी येईन?”

“मले काय माहीत? आणि एक सांगू का, गाडी बंद दाखवाल तर कंडम करतीन. मंग तुमची पोस्ट जगदलपूरच्या गाडीवर.”

माणूस गाडीच्या पाठोपाठ, हा आमच्या खात्याचा कायदा. गाडी मेली की ड्रायव्हर दुसऱ्या गाडीला बांधायचा. मी ३१ मेला रिटायर होतोय. साडेचार महिन्यांसाठी या वयात जगदलपूरला जाऊन ढाब्यावर जेवू?

कोणालाही सांगायचं नाही. शाफ्ट पलंगाखाली ठेवला. पुढच्या एक्सलवर चालेल मेपर्यंत.

११ जानेवारी

नवा असिस्टंट इंजिनियर आजपासून माझ्या गाडीवर. निरंजन नाव, इंदूरचा मराठी, वय सत्तावीस. बापाने बी.ई. करून दिला. गोल टोपी, गळ्यात पाण्याची बाटली, खिशात लाल वही. शाळेच्या सहलीला निघालाय जणू. तेलीबांध्याच्या पुढे नव्या राजधानीसाठी जागा बघताहेत, तिथल्या गावांतले तलाव मोजायचं काम याच्याकडे.

मला “गुलाबराव, तुम्ही” म्हणतो. इंदूरचे लोक गोडच बोलतात. पैसे पडत नाहीत ना!

१५ जानेवारी

आज खरी परीक्षा झाली. तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध चढायचा होता. पुढची चाकं नुसती गरगर फिरायला लागली. चढावर गाडीचं सगळं वजन मागे जातं आणि ओढणारी चाकं पुढे, मग चढणार कशी? मी गाडी वळवली आणि उलटी चढवली. रिव्हर्समध्ये! गावातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. हसोत.

हा इंजिनियर म्हणाला, “गुलाबराव, उलटी का चढवताय?”

“हे गाडी अशीच चढते, सायब. जुनी हाय. हिची खोड हाय.”

“बरं,” म्हणाला आणि लाल वहीत काहीतरी लिहिलं. बी.ई. झालेला माणूस! खाली वाकून बघायचीसुद्धा अक्कल नाही. चार वर्षं कॉलेजात काय गवत उपटत होता?

रात्री घरी बायकोला, कलावतीला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, “लेकरू हाय थे. त्याले काहून फसवून राहिले तुमी?”

लेकरू म्हणे.

१९ जानेवारी

साहेबाला ऊन लागलं. आंब्याखाली बसून लिंबूपाणी. जानेवारीत!

२४ जानेवारी

स्टिअरिंग जड झालंय, पूर्ण वळवलं की पुढून टकटक आवाज येतो. तिकडे लक्ष देत नाही. दिवाकर विचारतो, “गाडी कशी हाय?” मी म्हणतो, “राणी हाय.” भोपाळहून काही आलं नाही, म्हणजे येणारही नाही.

हा इंजिनियर आज स्टोअरमध्ये जाऊन तासभर बसला होता. दिवाकरशी काय बोलत होता देव जाणे. दोघांची जोडी छान जमेल. एक काम करत नाही, दुसऱ्याला येत नाही.

२६ जानेवारी

झेंडा. ऑफिसात बुंदी. इंजिनियरने आपला पुडा मला आणून दिला, “घरी न्या.” मी कुत्र्याला घातला.

२ फेब्रुवारी, शनिवार

उद्या रविवार, तरी याला तलावावर जायचंय. लेव्हल घ्यायची, जमिनीची उंची मोजायची राहिली म्हणे. मी म्हणालो, “उद्या मले जमणार नाई, घरी काम हाय.” काम कसलं! रविवारी याच्या पोरखेळासाठी मी हाडं खिळखिळी करून घ्यायची?

“हरकत नाही, मी चालवतो. किल्ली द्या.”

दिली. म्हटलं जा, इंजिनियर आहेस ना!

घरी कलावतीने विचारलं, “त्या लिव्हरचं सांगितलं का त्याले?”

या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही, गिअरबॉक्सच्या मागे आहे. आता शाफ्ट नाही, त्यामुळे छोटा लिव्हर ‘चार’वर असेल तोवरच हँडब्रेक धरतो आणि गिअरही धरतो. ‘दोन’वर नेला की गाडीला कोणीच धरत नाही. हे मी एकदा जेवताना कलावतीला सांगितलं होतं. तिच्या लक्षात राहिलं!

“थो इंजिनियर हाय,” मी म्हणालो. “त्याले म्या काय शिकवू?”

३ फेब्रुवारी

दुपारी चारला ऑफिसचा चौकीदार कृष्णा सायकलवर आला. दम लागलेला. “भैया, साहब का पैर… जीप के नीचे आ गया.”

तो तलावावर जाऊन, गाववाल्यांकडून ऐकून आला होता. साहेबाने गाडी उलटी पारीवर चढवून तलावाकडच्या उतारावर उभी केली, हँडब्रेक ओढला, गिअरही टाकला. उतरला. मागून लेव्हलची पेटी ओढली तशी गाडी हलली आणि मागे यायला लागली. याने पेटी टाकून गाडीला खांदा लावला! खांदा! डावा पाय चाकाखाली. गाडी बाभळीला अडली म्हणून, नाहीतर दोघंही तलावात.

“छोटा लिव्हर किसपे था?” मी विचारलं.

“दो पे था, भैया. गाँववाले हाथ नहीं लगाए हैं.”

कलावती भाकऱ्या थापत राहिली, दोनच माणसांसाठी आठ भाकऱ्या केल्या.

४ फेब्रुवारी

सायकलने तलावावर जाऊन जीप आणली. पुढच्याच चाकांवर. सीटखाली रक्ताचा टॉवेल होता. धुतला.

दोन ठिकाणी मोडलंय हाड. चौकशी लागणार. शाफ्ट काढल्याचं ऑफिसला कळवलं होतं का, हा पहिला प्रश्न. किल्ली देताना काय सांगितलं, हा दुसरा. दोन्हींचं उत्तर एकच, काहीच नाही. पेन्शन अडकवतात अशा वेळी, मी पाहिलंय.

आणि आता कागदालाच सांगतो. परवा किल्ली देताना लिव्हरचं सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर शाफ्टचंही सांगावं लागलं असतं. भीती वाटली. कलावतीला जे बोललो ते नंतर सुचलं.

५ फेब्रुवारी

पण एवढं तरी कळायला नको का माणसाला? लिव्हरला हात लावायचं कारण काय? ‘चार’वर आहे ना, असू दे! शिकलेल्यांची हीच खोड, दिसेल ते नीट करायला जातात.

६ फेब्रुवारी

झोप नाही. कलावती म्हणते, जाऊन या.

८ फेब्रुवारी

दवाखान्यात गेलो. त्याचा पाय दोरीने वर टांगलेला. आई इंदूरहून आलीये, लहानखुरी बाई. मला म्हणाली, “तुम्हीच का गुलाबराव? हा फोनवर नेहमी सांगतो तुमचं. उलटी गाडी चढवता म्हणे!” आणि मला केळं दिलं. केळं हातात घेऊन उभा राहिलो, सोलता येईना.

आई पाणी आणायला गेली तेव्हा हा म्हणाला, “गुलाबराव, या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो का?”

“नाई. गिअरबॉक्सच्या मांगं असते.”

“तिथेच चुकलो. बाबांच्या गाडीचा मागच्या चाकांवर होता. म्हटलं, शाफ्ट नसला तरी मागची चाकं धरतील. पुढच्या एक्सलवर सगळा भार पडतोय, उभी असताना तरी त्याला मोकळं करावं म्हणून लिव्हर ‘दोन’वर नेला.”

म्हणजे याला माहीत होतं!

“तुमाले शाफ्टचं कवापासून माहीत?”

“तुम्ही उलटी चढवलीत त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत वाकून पाहिलं. दिवाकरबाबूंनी तुमच्या मेमधल्या रिटायरमेंटचं आणि जगदलपूरचं सांगितलं. म्हणून बोललो नाही. भोपाळला माझ्या मित्राला नव्या शाफ्टसाठी मागे लावलंय. शाफ्ट निघालाय तिथून.”

मी बाहेर आलो. माझी दया करत होता! तीन आठवडे शेजारी बसून माझ्यावर मेहेरबानी करत होता, आणि मी राणी-राणी म्हणत फुगत होतो! इतका राग आला की रिक्षावाल्याशी भांडलो. घरी येऊन पलंगाखालचा शाफ्ट ओढून अंगणात टाकला. कलावती म्हणाली, “आता कोनावर राग हाय?”



११ फेब्रुवारी

चौकशीचे साहेब आज दवाखान्यात जाऊन त्याचा जबाब घेऊन आले. गुरुवारी मला बोलावलंय. मी खरं सांगणार, मी काहीच सांगितलं नव्हतं म्हणून. कलावतीला तसं बोललो. “सांगा,” म्हणाली. “उपाशी नाई मरत आपन.”

१४ फेब्रुवारी

ऑफिसात निरंजन साहेबांचा जबाब वाचून दाखवला. शाफ्ट त्यांच्या परवानगीने काढला. छोटा लिव्हर हलवू नका असं ड्रायव्हर गुलाबराव यांनी किल्ली देताना दोनदा बजावलं होतं. चूक सर्वस्वी त्यांची.

खाली ‘वरील मजकूर खरा आहे’ असं छापलेलं होतं. तिथे माझी सही हवी होती. मी केली.