डंपरचा कच्चा आहार

२ मार्च, सकाळी ६.४०
आजपासून डंपरचा पॅकेटचा खुराक बंद. निर्णय पक्का.
डंपर म्हणजे आमचा लॅब्रॅडॉर. वय सात, वजन अडतीस किलो. मी राजूरच्या कोळसा खाणीत चौतीस वर्षं हजेरीबाबू होतो, म्हणून हे नाव. रिटायर होऊन चार महिने झाले. आता कुठे कुत्र्याकडे शास्त्रशुद्ध लक्ष द्यायला सवड मिळाली आहे.
मोबाइलवर अकरा व्हिडिओ पाहिले. कुत्रा मुळात लांडगा. लांडग्याला जंगलात पॅकेट कोण फोडून देतं? कच्चं मटण, कलेजी, हाडं. केस चमकतात, दात साफ राहतात. बदल दहा दिवसांत हळूहळू करा म्हणतात. ते नाजूक कुत्र्यांसाठी. डंपर आमच्या वणीच्या कोळशाच्या धुळीत वाढला आहे.
बायकोला प्लॅन सांगितला. नलू म्हणाली, "आपून शिजवून खातो, अन त्या मुक्या जीवाले कच्चं काहून?" तिला लांडग्याचं समजावलं. तर म्हणे, "लांडगा सोफ्यावर झोपते काय?"
अशा प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

२ मार्च, संध्याकाळ
कोंबडीच्या माना, पाऊण किलो. डंपरने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं. मग एक मान तोंडात धरून नेली आणि नलूच्या चपलेवर ठेवली.
शिकारी वृत्ती जागी होते आहे.

४ मार्च
दोन दिवस उपाशी ठेवल्यावर आज खाल्लं! अर्धा किलो कलेजी, एका दमात. नलूला मुद्दाम अंगणात बोलावून रिकामं ताट दाखवलं. तिने ते घासायला घेतलं.

५ मार्च
जुलाब. पायरीवर, तुळशीपाशी, शेजारच्या राजदीपच्या गाडीच्या चाकाशी. एका व्हिडिओखालच्या कॉमेंटमध्ये याला डिटॉक्स म्हटलं आहे. सात वर्षांची घाण बाहेर पडते आहे. राजदीपला हे सांगायला गेलो. तो पाइप लावून चाक धूत होता. त्याने ऐकून घेतलं नाही.
कारण सापडलं. हाड कमी पडतं आहे. हाडाने पोट बांधलं जातं.

७ मार्च
बोकडाची नळी आणली. खाटकाने तीन तुकडे करून दिले. दोन तुकडे डंपर बराच वेळ चघळत बसला. मी तिसरा दाखवला तेव्हा तो त्याने सरळ गिळला. नलू ओरडली. मी म्हणालो, जबडा बघ त्याचा.
संध्याकाळी नागपूरहून उर्वशीचा फोन. आईने चुगली केलेली दिसते. "बाबा, डॉक्टरले विचारलं का तुम्ही?" पोरगी बँकेत आहे. कुत्र्याच्या पोटाचं तिला काय कळणार. अभ्यास पूर्ण आहे, असं सांगून फोन ठेवला.

८ मार्च
दोनदा उलटी. पिवळं पाणी. शरीर जुळवून घेतं आहे.
आज उपास. वाघही रोज खात नाही.

९ मार्च
पुन्हा उलटी. शी नाही. म्हणजे जुलाब थांबले. या मुद्द्यावर मी बरोबर होतो.
नलू डॉक्टर, डॉक्टर करते आहे. उद्यापर्यंत वाट पाहू म्हणालो.

१० मार्च
डंपर पाठ कमानीसारखी वर काढून उभा राहतो. बसत नाही. पोटाला हात लावला तर त्याने माझा हात तोंडात धरून बाजूला केला. दात लागू दिले नाहीत.
अकराही व्हिडिओ पुन्हा पाहिले. याबद्दल कोणी काही बोललेलं नाही. कॉमेंटमध्ये प्रश्न टाकला. कोणीतरी अंगठा दाखवला.

११ मार्च
सकाळी नलूने मला न विचारता राजदीपची गाडी दारात उभी केली. चंद्रपूर. रस्ताभर कोळशाचे ट्रक. डंपर मागच्या सीटवर तिच्या मांडीवर डोकं ठेवून होता.
डॉक्टर संगीता राठोड. वयाने उर्वशीएवढ्याच. त्यांनी विचारलं, उलट्या कधीपासून? मी म्हणालो, आज सकाळपासून.
"तीन दिवस झाले, डॉक्टर," नलू म्हणाली. "हे खोटं सांगून राह्यले."
आवाज चढवला नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही, कुत्र्याकडेच पाहत होती. डॉक्टरांनी कागदावर तीन लिहिलं.
एक्स-रेमध्ये नळीचा तुकडा आतड्यात अडकलेला, पांढरा स्वच्छ दिसत होता. लगेच ऑपरेशन. वाचेल का विचारलं, तर म्हणाल्या, "काल आणला असता तर सांगता आलं असतं."
खाटकाने तुकडे लहान करायला हवे होते, असं मी म्हणालो. डॉक्टर आत गेल्या. बाहेर दोन बाकं होती. नलू दुसऱ्या बाकावर बसली.
मालकाची सही मी केली. वेडीवाकडी आली. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या. ही सही मीच नामंजूर केली असती.

१२ मार्च
जिवंत आहे. शेपटी एकदा हलवली. नलू जवळ गेली तेव्हा.

१९ मार्च
घरी आणला. पोटावर टाके, गळ्यात प्लास्टिकची कॉलर. पातळ भात आणि उकडलेलं चिकन, थोडं थोडं. नलू हाताने भरवते. मी ताट उचललं की तो पलंगाखाली जातो. औषधांचा परिणाम असावा.

२४ मार्च
औषधं संपली. अजूनही पलंगाखाली जातो.

२९ मार्च, दुपारी १
नलू बहिणीकडे मारेगावला गेली. डंपरचं दुपारचं जेवण माझ्यावर. डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे जुनाच पॅकेटचा खुराक, कोमट पाण्यात भिजवून. ताट ठेवलं. तो पलंगाखालून पाहत राहिला. मी स्वयंपाकघरात गेलो. नाही. न्हाणीघरात जाऊन दार लोटून घेतलं. नाही.
शेवटी घराबाहेर आलो, दार ओढून घेतलं आणि खिडकीच्या फटीतून पाहिलं. डंपर सावकाश बाहेर आला. एकदा दाराकडे पाहिलं. मग खाल्लं, सगळं.
उन्हात वीस मिनिटं उभा होतो. त्याचं पाणी पिऊन होऊ दिलं.
मग आत जाण्याआधी दार वाजवलं.