माग बंद आहेत तोवर

सोमवार, ७ जुलै
शेजारच्या चांभाराची तान्ही पोर सकाळी गेली. हगवणच. या पावसाळ्यात गल्लीतलं हे कितवं मूल, विचारू नये. आमच्या बाळालाही कालपासून तेच.
दूधवाल्याला दारात गाठलं. "पाणी घालतोस ना?"
"घालतो की. सगळ्यांनाच घालतो. तुमचंच पोर नाजूक."
लोटी त्याच्या थोबाडावर मारणार होतो. दूध सांडलं असतं म्हणून मारली नाही.

मंगळवार, ८ जुलै
बायको दिवसभर मागावर, मी त्याच गिरणीत इंजिनाचे चामडी पट्टे शिवायला, बाळ सासूबाईंपाशी. बाळाच्या दुधाच्या बाटलीची रबरी नळी हुंगली — आंबूस घाण.
"जावईबापू, मी सहा वाढवली."
"आणि पुरली किती?"
त्या जेवल्या नाहीत. न जेवोत.

गुरुवार, १० जुलै
बाळाचे डोळे खोल गेलेत. मुकादमाकडे बायकोसाठी रजा मागितली. म्हणाला, "एक गेलं तर दुसरं होईल. माग रिकामा राहिला तर मालक मला खाईल." सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याचाच जास्त राग येतो.

शुक्रवार, ११ जुलै
इंजिनाचा मोठा पट्टा तुटला! सगळे माग त्यावरच. बायकांना घरी पाठवलं. शिवायचा मी — चामडं भिजवा, भोकं पाडा, वादी ओवा, वाळू द्या. मुकादम डोक्यावर उभा. "लग्नाचा शालू शिवतोयस काय?"

रविवार, १३ जुलै
बायको घरी. बाळ अंगावरच पितंय, बाटली फळीवर पडून. हगवण थांबली. आज माझं बोट धरून ओढलं.
सासूबाई म्हणाल्या, "आता बोला मला." त्यांचं ताट मीच वाढलं.

मंगळवार, १५ जुलै
पट्ट्याचं काम मी तरी आणखी किती दिवस लांबवणार! मुकादमाचा हुकूम — उद्या माग चालू. घरी आलो तर बायको बाटली धूत होती.
"जाऊ नकोस."
"मग खायचं काय? तुमचा पट्टा?"
बरोबरच आहे तिचं. तिचाही राग आला.

बुधवार, १६ जुलै. भोंग्याआधी
पट्टा कालच चढवला. वरून टाके सुरेख दिसतात. आतल्या वाद्या मी अर्ध्या कापल्या आहेत. बायका लांब असतात, मागांपाशी. पट्ट्याखाली मुकादम उभा राहतो, हातात घड्याळ घेऊन.
त्याला सांगणार नाही.