दत्ताची हाक

४ जानेवारी
गुडघे पुन्हा सुजलेत. सकाळी तासभर गरम पाण्याची पिशवी. वीस वर्षं बोटीच्या काठावर पाय अडकवून पाठीमागं लटकलो, त्याचं हे बक्षीस. कपाटातली पदकं त्यापुढं हलकी.

शाळेत सत्कार झाला. हेडमास्तर बोलले, आपल्या गावचा दर्यावर्दी. गणपातात्यानं सगळ्यांदेखत विचारलं, जहाजावर जेवायला काय देत होते. चौदा फुटी बोट, एक शीड, आत एकटा माणूस आणि ढुंगणाखाली पाणी, हे समजावून सांगायचं मी आता सोडून दिलंय. पोळ्या द्यायचे म्हणालो.

नोकरीचा फॉर्म आला. खेळाडूंना सरकारी थेट नियुक्ती. सुनीतानं देव्हाऱ्यापुढं ठेवून कुंकू लावलं. शेवटची तारीख ३१. हे जमलं नाही तर कारखान्याच्या गेटवर शिट्टी घेऊन उभं राहायचं. पलटणीतून पेन्शनवर आलेले सगळे तिथंच जातात.

७ जाने.
फॉर्ममध्ये कामगिरीचा तक्ता आहे. राष्ट्रीय चार, सेनादलाची सात. सगळं भराभर लिहिलं. परदेशातल्या पदकाच्या रकान्यापाशी हात थांबला. नोकरी मिळणार ती त्या एका पदकावर, बाकीच्यांना कोण विचारतो. खाली छापलंय, वरील माहिती सत्य आहे.

पदक खरं आहे. तिथं मी कुणाला फसवलं नाही. पण तिथं जायचं होतं माझ्याच पलटणीतल्या दत्तानं.

आजपर्यंत कुठं लिहिलं नाही. लिहितो.

नऊ वर्षांपूर्वी, निवड चाचणीची शेवटची शर्यत. गुणांत मी आणि दत्ता बरोबरीत, जो पुढं येईल तो जाणार. शेवटच्या बोयाला, म्हणजे वळणाच्या तरंगत्या खुणेला, वळताना माझ्या बोटीची कड बोयाला घासली. घासली म्हणजे घासलीच, मांडीला कळलं. आमच्या खेळात पाण्यावर शिट्टी मारणारा पंच नसतो. ज्याची चूक त्यानंच जागेवर एक गोल फिरायचं आणि मग पुढं जायचं. कुणी बघो न बघो. पहिल्या दिवसापासून हेच शिकवतात. मी फिरलो नाही.

दत्ता चार हात मागं होता. त्यानं बघितलं आणि हाक मारली,
“आनंदा, लागला गड्या. फिरून घे.”

९ जाने.
नियम असा आहे की तक्रार करायची तर त्याच क्षणी ‘प्रोटेस्ट’ हा शब्द मोठ्यानं ओरडायचा. दुसरा कुठला शब्द चालत नाही. दत्ता तो ओरडला, पण मी फिरत नाही हे बघून, बऱ्याच उशिरा. आधी त्यानं मला दोस्त म्हणून हाक मारली. मला संधी दिली येड्यानं.

सुनावणीत तिघं बसलेले, मराठी कुणालाच येत नव्हतं. दत्ता म्हणाला, मी आधी हाक दिली होती. तिघांनी मला विचारलं, ऐकू आली का. मी म्हणालो, वाऱ्यात काही ऐकू आलं नाही. एवढंच एक वाक्य. ऐकली म्हणालो असतो, तर हाक कशाबद्दल होती हा पुढचा प्रश्न आला असता. बोया लागला की नाही इथपर्यंत विषय गेलाच नाही. तक्रार वेळेत नाही म्हणून बाद.

पलटणीत मात्र दुसऱ्याच दिवशी बोलणं सुरू झालं, दत्तानं खोटी तक्रार केली. तेही मी ऐकलं. तेव्हाही मला ऐकू आलं नाही.

१२ जाने.
आष्ट्याच्या बाजारात वडूजचा शिंदे भेटला, आमच्याबरोबर भरती झालेला. दत्ताचं त्यानंच काढलं, मी विचारलं नव्हतं. म्हसवडला असतो, पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. आणि त्याचे आबा त्याच्याशी बोलत नाहीत. एका घरात राहून. आबा जुने हवालदार. पोरगं हरलं असतं तर चाललं असतं, पण पलटणीतल्या माणसावर खोटा आळ घेतला, हे त्यांना सहन झालं नाही. नऊ वर्षं झाली. जेवणाचं ताट नातवाकडून मागतात.

मेथीच्या दोन पेंढ्या घ्यायला गेलो होतो, त्या न घेताच आलो. सु. काय ते बोलली.

१५ जाने.
सु.ला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडून झाल्यावर म्हणाली, मग इतकी वर्षं झोप कशी लागायची तुम्हाला? लागायची, खरं सांगतो. गाढ लागायची. आता लागत नाही.

आणखी म्हणाली, फॉर्म देऊन झाल्यावर जा की म्हसवडला. चार दिवसांनी काय बिघडतंय. बरोबरच आहे तिचं. पण मग मी कधीच जाणार नाही, हे मला माहीत आहे.

१८ जाने. म्हसवड
कराडला गाडी बदलली, वडूजला पुन्हा. उसाचा हिरवा पट्टा संपला की मला अजून घशाला कोरड पडते. टँकरच्या पाण्यावर वाढलेला दत्ता समुद्रात माझ्यापेक्षा चांगला वारा ओळखायचा. मी नदीकाठचा. मला पाण्याची भीती नव्हती, त्याला पाण्याची किंमत होती. आम्ही सतरा वर्षांचे असताना बोट शिकवणारे उस्ताद हे रोज सांगायचे आणि मला राग यायचा.

दुकान सिद्धनाथाच्या देवळापासून जवळच. दत्ता तांब्याची तार गुंडाळत होता. केस सगळे गेलेत. मला बघून हात थांबला नाही. मी बरंच काही ठरवून गेलो होतो, माफी वगैरे. त्यानं मध्येच तोडलं.

“ऐकलं हुतंस का न्हाई, एवढंच सांग.”
“ऐकलं होतं.”
“झालं तर.”

मग बराच वेळ तार गुंडाळली. पोराला पाठवून चहा मागवला. मी त्याच्याकडं आणि तो मोटारीकडं बघत बसलो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाला, माझं आता काही राहिलं नाही, जे सांगायचं ते आबांना सांग. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास नाही.

रात्री त्याच्याच घरी मुक्काम.

१९ जाने.
आबा ओसरीवर. ऐंशीच्या पुढं, पण पाठ ताठ, दाढी रोज. मी पायाला हात लावला, सगळं सांगितलं. बोया, हाक, सुनावणी, माझं वाक्य. काही लपवलं नाही. दत्ता दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

माझं झालं तसे आबा काठी टेकत उठले आणि मला कडक सॅल्यूट ठोकला. हवालदारानं.

“लय मोठ्या मनाचा हायस तू. मैतराची अब्रू राखाय एवढ्या लांबनं आलास, आन त्याचं पाप आपल्या अंगावर घेतलंस. आमच्या दत्त्याला ह्ये कवा जमलं नसतं.”

मी म्हणालो, आवं आबा, शपथ घेऊन सांगतो. ते हसले, पाठीवरून हात फिरवला. देशासाठी पदक आणणारी माणसं असलं काही करत नाहीत, म्हणाले. सुनेला सांगून माझ्यासाठी शिरा करायला लावला. दत्ता आत निघून गेला. मी तो शिरा खाल्ला. न खाऊन काय सांगणार होतो?

स्टँडवर दत्ता सोडायला आला. त्याला राग नव्हता, तेच मला झेपलं नाही. म्हणाला, आबा म्हणजे जुना शिपाई. माणसाचं तोंड त्यांना पुरत नाही, शिक्क्याचा कागद लागतो. वरून आलेला कागद असला की खरं. मागच्या वेळी तक्रार बाद केल्याचा कागदही वरूनच आला होता.

म्हणजे मी शीडबोटींच्या संघटनेला लेखी द्यायचं. ते चौकशी लावणार, निवड रद्द करणार, पदकाचंही बघणार. मग आबांना दाखवायला तसा कागद देणार. आणि फॉर्मचा तो रकाना…

गाडीत पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत आलो.

२३ जाने.
दत्ताचा फोन. आपण होऊन पहिलाच.

आबांनी देवळापाशी चार म्हाताऱ्यांत सांगितलंय, आष्ट्याकडचा चॅम्पियन आला होता, किती मोठं मन. एका दिवसात गावभर. आता लोक म्हणतायत, दत्तानंच त्याला बोलावून घेतला असणार, रडून भेकून.

“आदी नुसता खोटारडा हुतो. आता मैतराला खोटं बोलाय लावनारा झालो. तू आला नसतास तर बरं झालं असतं बग.”

फोन ठेवल्यावर मी घरामागं परड्यात जाऊन बसलो. करायला गेलो काय आणि झालं काय. स्वतःचं ओझं उतरवायला गेलो होतो, दुसरं काही नाही. ते त्याच्या डोक्यावर ठेवून आलो.

२६ जाने.
झेंड्याला शाळेत बोलावलं होतं. ताप आलाय म्हणून कळवलं. ताप नव्हता.

संघटनेला पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. पाचव्यांदा आठ ओळी. फार सोपं निघालं. नऊ वर्षं आठ ओळींना घाबरलो.

२८ जाने.
सु.नं पत्र वाचलं. घडी घालून माझ्यापुढं ठेवलं. मी विचारलं, काय करू? तिचं उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवतो.

“मला इच्यारू नका. मी नको म्हनाले तर तुमाला बरं वाटंल.”

मग गोठ्यात गेली. तिथं रडली असावी. डोळे लाल होते. जेवण रोजच्यासारखं झालं. धाकटीनं विचारलं, पपा साहेब होणार का. सु. म्हणाली, जेव गप.

तिनं इतकं खरं बोलायला नको होतं, असं रात्रभर वाटत राहिलं.

३१ जाने. सांगली
ऑफिसच्या व्हरांड्यातल्या बाकावर लिहितोय. सु.नं सकाळी फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला, सगळी सर्टिफिकेटं क्रमानं. पत्राचं पाकीटही त्याच पिशवीत निघालं, तिकीट चिकटवलेलं. मी चिकटवलं नव्हतं.

दोन्ही देता येणार नाहीत. फॉर्म दिला आणि पत्र टाकलं तर ‘माहिती सत्य आहे’ याखाली केलेली सही खोटी. फॉर्म दिला आणि पत्र फाडलं तर आबा मरेपर्यंत ताट नातवाकडूनच मागणार. शिंदे म्हणत होता, हल्ली त्यांना धाप फार लागते.

खिडकी उघडली. माझ्यापुढं सात-आठ जण, सगळी कोवळी पोरं. कबड्डीची, कुस्तीची. एकानं मला ओळखलं, फोटो काढायला जवळ येऊन बसला. सर, तुमच्यासारखं व्हायचंय म्हणाला. पिशवी मांडीवरून खाली पडली. त्यानंच उचलून दिली.

भीती वाटतेय. समुद्रात कधी इतकी वाटली नाही.

आता पुढं एकच पोरगं राहिलं. पोस्टाची पेटी फाटकाबाहेर आहे, इथून दिसते. बाकावरून उठलो की डावीकडं खिडकी आणि उजवीकडं फाटक. कारकुनानं नाव पुकारलं. माझं नाही, माझ्या आधीच्या पोराचं.