ताईचा ट्रॅक

मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी आहेस असं धरूनच लिहिते. विचारलं तर "मला काय धाड भरलीय?" एवढंच म्हणशील.

मी मात्र दमले आहे. मागच्या खोलीतलं कपाट हलवून तिथे घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायची सोय केली. माइक आणला, कंप्युटरवर सॉफ्टवेअर बसवलं. बसवलं म्हणायला सोपं, पण नाकी नऊ आले. माइकचा दिवा लागलेला आणि पडद्यावरची रेघ ढिम्म हलेना. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना. शेवटी यांनी शोधून काढलं. कुठल्या माइकचं ऐकायचं, हे सॉफ्टवेअरला सांगायचंच राहिलं होतं. "म्हणजे आपल्या घरातलंच आहे, सांगितल्याशिवाय ऐकत नाही," हे म्हणाले.

मग आपलं दोघींचं गाणं गायला घेतलं. हेडफोनमध्ये माझाच आवाज मला जरा उशिरा ऐकू येत होता. दुसरी कुणी असती तर तिथेच थांबून काय बिघडलंय ते बघितलं असतं. मी त्या आवाजासाठी थांबत थांबत गात राहिले. स्टेजवर तू ओळीआधी सावकाश दम घ्यायचीस आणि मी तुझ्यासाठी थांबायचे, ती सवय. मी थांबले की तोही आणखी मागे राही. कडवं संपेपर्यंत गाणं इतकं रेंगाळलं की हे दारात येऊन म्हणाले, "अगं, बरं वाटत नाही का?"

सेटिंगमधला एक आकडा कमी केला आणि उशीर गेला. मला एकदम एकटं वाटलं.

या वयात हे खूळ कशाला, असं तू म्हणशीलच. ताई, माझ्या घशात गाठ आहे. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, पण कपाट नि माइक सांगत बसले. फोनवर सांगायला घेतलं की रडू येतं, म्हणून पत्र. पुढच्या शुक्रवारी ऑपरेशन आहे. जीवाला धोका नाही म्हणतात, पण स्वरयंत्र काढावं लागणार. मला फार भीती वाटते.

माझा आवाज रेकॉर्ड झालाय. बरा झालाय, तू नाक मुरडशील तरी. त्याच्याखाली दुसऱ्या आवाजासाठी रिकामा ट्रॅक उघडून ठेवलाय आणि त्याला 'ताई' नाव दिलंय. भावजी गेल्यापासून तू गात नाहीस. मी कधी गळ घातली नाही, आता घालते. ये. गावंसं नाहीच वाटलं तर नुसती माझ्याशेजारी बस.

येणं जमलंच नाही तर पुढच्या गुरुवारपर्यंत फोन कर. नंतरही कर, मी उचलेन. पण मग सगळं तुलाच बोलावं लागेल.

शुक्रवारपर्यंत तुझी बडबडी,
छोटी