राजाची खोड

प्रिय धाकट्या,

चार वर्षांत तुझा एक शब्द नाही. आणि मग एका दुपारी, मी छापखान्यात प्रुफांच्या ढिगात बुडालेली असताना, फोनवर तुझा निरोप: "ताई, ती लहान राजाची मालिका कुठली गं? तो खोड घेऊन फिरायचा, तो." बस्स. कशी आहेस नाही, मी अमुक समुद्रात आहे नाही. मी फोन पालथा घातला, उलटून पुन्हा वाचला. चार वर्षांनी माणूस विचारतो काय, तर खोड! डोकं इतकं फिरलं की एका औषधाच्या माहितीपत्रकात 'दोनदा घ्यावे'चं 'दोनदा ध्यावे' झालेलं मी तसंच पुढे पाठवलं. जुळणीवाल्याने आणून दाखवलं, वर म्हणाला, बाई, आज तब्येत बरी नाही का. बावीस वर्षांत हे पहिल्यांदा.

तरी शोधायला लागलेच. ही माझी जुनी खोड, म्हणजे सवय. शब्द नीट समजून घे, पुढे कामाला येणार आहे. तू पुरवलेली माहिती अशी: राजा तेरा-चौदाचा, किल्ले, चिलखतं, ड्रॅगन बहुतेक दोनदा येतो, तीन भाग. नाव माहीत नाही, कारण वाचनालयाने तपकिरी पुठ्ठ्यात बांधताना मुखपृष्ठं काढून टाकली होती. आणि ते खोड. राजा ते दरबारातही सोडत नाही, सरदार हसतात, शेवटी प्रधान ते मोडतो. तीन पुस्तकांच्या दुकानांत मी हे तोंड वर करून सांगितलं. एकाने विचारलं, खोड जादूचं होतं का? मी तुला विचारलं. तुझं उत्तर आठ दिवसांनी: "माहीत नाही. जड असावं." जड असावं! मी काय सांगणार होते दुकानदाराला, अंदाजे किती किलोचं?

मग वाचनालय. आपल्या वेळच्याच बाई अजून तिथे आहेत, केस पार पांढरे झालेत. त्यांनी माझ्यापुढे एक लाकूडतोड्या राजपुत्र ठेवला, एक बोलणारं झाड ठेवलं आणि शेवटी वाळवीवरचं एक पुस्तक. "अगं मुली," (मी शेहेचाळीसची आहे) "राजा खोड कशाला वागवेल? त्याला नोकर नसतात?" आणि मी, शहाणी, तुझ्या बाजूने भांडले. घरी येऊन तुला ते कळवलं, तर तू लिहिलंस: "असतात. पण तो स्वतःच वागवायचा." आणि खाली आणखी एक ओळ: "ते पुढे सांधलं का, एवढंच बघायचंय." मी रागातच उत्तर दिलं, लाकूड सांधत नाही. तू अंगठ्याचं चित्र पाठवलंस. त्या अंगठ्याकडे मी किती वेळ बघत बसले, ते सांगत नाही.

असे तीन महिने गेले. शेवटी गेल्या रविवारी सकाळी पलंगाखालची पेटी ओढली आणि माझ्या जुन्या रोजनिश्या काढल्या. पंधराव्या वर्षीची माझी वही म्हणजे निम्मी स्वतःची चिरफाड आणि निम्मी तुझ्याबद्दलची कुरकुर. तू तेव्हा सहाचा होतास, आणि तुला गोष्ट ऐकवल्याशिवाय तू घास गिळत नव्हतास. एका पानावर हे सापडलं, जसंच्या तसं उतरवते: "आज दुसरा भाग संपवला. प्रधानाने राजाची खोड मोडली, तर धाकटा जेवणं होईपर्यंत रडत होता. का, ते कळलं नाही. तिसरा भाग ऐकणारच नाही म्हणतो."

राजाची खोड. ते खोड नव्हे रे वेड्या, ती खोड! सवय! सगळं घर तुला खोडकर म्हणायचं, तेव्हा तुला काय वाटायचं, तू लाकडं विकतोस? मी एकटीच पोटभर हसले. लोकांची लिंगं दुरुस्त करण्यावर माझं पोट चालतं आणि माझ्याच भावाने एकतीस वर्षं एक ओंडका त्या बिचाऱ्या राजाच्या खांद्यावर ठेवला होता. त्याहून वाईट म्हणजे तीन महिने मीही त्याला तो वाहायला लावला.

मग ती खोड कोणती ते आठवलं आणि हसू थांबलं. तो राजा तबेल्यात वाढलेला. कोणीही आत आलं, आचारी, पखालवाला, कोणीही, की हा उठून उभा राहायचा. सिंहासनावरूनसुद्धा. दरबाराला त्याची लाज वाटायची. म्हणून प्रधान रोज त्याच्या मांडीवर शाईने काठोकाठ भरलेली दौत ठेवतो. उठलास तर राजवस्त्रावर डाग. दुसऱ्या भागाच्या शेवटी त्याचा तबेल्यातला सोबती दूरवरून भेटायला येतो, दारात उभा राहतो, आणि राजा बसून राहतो. दौत हलत नाही. तिथे तू रडलास.

दुसऱ्या दिवशी बाईंना म्हटलं, कोणीही आलं की उठून उभा राहणारा राजा. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "'उभा राजा'. मग तीन महिने खोड, खोड काय लावलं होतंस?" आणि खालच्या फळीवरून तिन्ही तपकिरी भाग काढून दिले.

हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दोन ओळींत कळवता आलं असतं, पण त्यावर तू अंगठा पाठवला असतास. म्हणून तुझ्या जहाजाच्या कंपनीमार्फत पुढच्या बंदरावर हे पत्र. बाबा गेले त्या दिवसाचं माझ्या रोजनिशीतलं पान मी याच आठवड्यात काढून पाहिलं. लिहिलंय: "तो साडेतीनला पोचला." एवढंच. इतकी काटेकोर मी, आणि बाकीचं गाळलं. तू दारात उभा होतास, बॅग अजून खांद्यावर होती. मी टेबलाशी बसून कोणाकोणाला कळवायचं त्याची यादी करत होते. मी मान वर केली, म्हटलं, "आलास एकदाचा," आणि पुन्हा लिहायला लागले. बाबांचं आजारपण कळलं तरी जहाज मधेच थांबवून उतरता येत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. दमले होते म्हणून उठले नाही, असं चार वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे तू मला रडताना पाहशील म्हणून बसून राहिले. तिसरा भाग टेबलावर आहे. मी उघडलेला नाही; तू नको म्हणालास म्हणून तेव्हाही न वाचताच परत केला होता. त्यामुळे पुस्तकात पुढे सांधतं का, मला माहीत नाही. जहाजावरून उतरलास की सरळ इकडे ये, मी वाचून दाखवते. गुडघे आता कुरकुरतात, थोडा वेळ लागेल, पण तू दारात आलास की मी उठणार आहे. तेवढं होईपर्यंत दारातच थांब.

तुझीच, तेव्हा बसून राहिलेली,
ताई