नेफ्यातलं नाव

पळसगाव, ता. सिंदेवाही
९ जानेवारी २०२५

चि. प्रणितले सरिताबाईचा जयभीम.

आम्ही इथी खुशाल आहोत असं लिहायची रीत हाय, पण मी लिहीत नाई, कारण खुशाल नाई. फोन केला तं तू कापते, व्हॉट्सअपवर नुसता अंगठा धाडते. कागदाले अंगठा धाडता येत नाई, म्हणून हे पत्र.

काल नाटक मंडळाचे सुकलूभाऊ घरी आले होते. अठरा तारखेले शंकरपट हाय, बैलांच्या शर्यती झाल्या का रात्री नाटक, अन् दरसालसारखा बाबानं रंगवलेला जंगलाचा पडदा त्याहीले न्यायचा होता. बाबानं आड्यावरून बांबू उतरवला, दोरी सोडली. आत काय तं माझी जुनी चादर! दिवाळीले तू दोन दिवस आला, माझ्या हातच्या करंज्या हादडल्या, अन् जातानी पडदा काढून माझीच चादर बांबूले गुंडाळून गेला. चोर तरी एवढं डोकं लावत नाई रे!

बाबा सुकलूभाऊले म्हणाले का पडदा उंदरानं खाल्ला. सत्तरीतल्या माणसाले तुझ्यापायी खोटं बोला लागलं. मंग जेवलेच नाई.

शेजारच्या दीपालीनं मोबाईलवर तुझं मुंबईचं प्रदर्शन दाखवलं. बाबाचं जंगल उभं फाडून सात पट्ट्या टांगल्या, अन् त्याच्यावर तुझ्या फवाऱ्याच्या डब्यानं काढलेल्या नारंगी जेसीबी. बाजूले इंग्रजी पाटी. तिनं वाचून सांगितलं, मूळ चित्रकार अज्ञात, झाडीपट्टी. खाली तुझं नाव, चांगलं ठळक.

अज्ञात? तुझ्या आधार कार्डावर मधलं नाव कोणाचं हाय मंग? काढ खिशातून अन् वाच. आई असती तं तुले उभा जाळला असता.

बाबाचा उजवा हात वर्षापासून थरथरते हे तुले माहीत हाय. महाल, रस्ता, देऊळ, सारे पडदे नाटक कंपन्यांसंग फिरून फाटले. घरी एवढाच उरला होता. लोभ आज मागत नाई, जबाब मागते.

तुझी मोठी बहीण, बाई,
सरिता

---

मुंबई
१७ जानेवारी २०२५

ति. बाईस सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. चादरीचं चुकलं, मान्य. पण बाकीचं ऐकून तर घे. पडदा मी उगाच फाडला नाही. माणसं त्या पट्ट्यांमधून चालत जातात, अंगाला जंगल घासतं, आणि वर मशिनी दिसतात. आपल्याकडे खाणींसाठी झाडं कशी पडतात ते इथल्या लोकांना एरवी दिसणारच नाही. पेपरात फोटो आला. तिकडे काय झालं असतं? एक नाटक, तंबाखू-खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या, आणि परत आढ्यावर उंदरांच्या ताब्यात.

पाटी गॅलरीच्या बाईंनी लिहिली. पडद्यावर सही कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मी कोपरा न् कोपरा पाहिला. बाबांनी नाव टाकलंच नाही, त्याला मी काय करू?

आणि खरं सांगू? बाबांचं नाव मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी तिथे लोककलावंताचा पोरगा झालो असतो. दहा वर्षं पुलांखाली भिंती रंगवून मी माझं नाव केलं आहे. बाबा म्हणायचे, भिंती खराब करते. तेव्हा कोणाला माझा पुळका आला नव्हता.

राग ओसरला की लिही. तोवर जमेल तेवढा लोभ असू दे.

तुझा,
प्रणित

---

पळसगाव
२४ जानेवारी २०२५

चि. प्रणितले जयभीम.

तुझं पुणेरी पत्र वाचलं. तिकडे, तोवर, ओसरला! दोन पानं वाचून माझं टाळकं सरकलं. लोककलावंताचा पोरगा नाई तं कोणाचा हायस तू? झाडाले लागला होता का?

शंकरपटाचं नाटक झालं. सुकलूभाऊनं फ्लेक्सवर जंगल छापून आणलं, अन् त्याच्यात निघाला जिराफ! ताडोबाच्या बाजूले जिराफ! हिरॉईन रडून राह्यली अन् पब्लिक हासून राह्यलं. बाबा पहिल्या अंकातच उठून घरी आले.

आता सहीचं ऐक. पडदेवाला पडद्यावर नाव टाकत नाई. पब्लिक नाव वाचत बसते, मंग जंगल जंगल राहत नाई, दुकानाची पाटी होते, असं बाबा म्हणते. नाव आतून असते. वरच्या काठाले बांबू घालायचा जो नेफा राहते ना, त्याच्या पोटात बाबा आधी लिहिते, मंग आम्ही टाके मारून बंद करतो. आई सुई ओवून देत होती अन् मी शिवत होती, तू तवा अंगणात कोंबड्या हाणत होता. बांबू तुनंच वढून काढला, अन् कोपरे पाह्यले म्हणते! नेफा उसव. काय लिहिलं हाय ते मी सांगत नाई. डोळे असतीन तं वाच.

लोभाचं नंतर पाहू.

सरिता

---

मुंबई
२ फेब्रुवारी २०२५

बाई, जयभीम.

पट्ट्या टांगायला मी नेफा कापून काढला होता. कापून काढलेल्या त्या पट्टीने महिनाभर डब्यांची तोंडं पुसत होतो. तुझं पत्र आलं आणि ती चिंधी शोधायला अर्धी खोली उलथी केली. पलंगाखाली सापडली, नारंगी रंगाने कडक झालेली. ब्लेडने टाके उसवले. आत निळीची अक्षरं होती, बाबांच्या हातची.

जंगल. रंग मुखरू बोरकर. टाके सरिता. खालची पानं प्रणित, वय सहा.

बाई, मले काहीच आठवत नव्हतं. मीच रंगवलेल्या पानांवर मी जेसीबी चालवली, अन् बाजूले लिहू देलं का रंगवणारा अज्ञात! मले माझाच एवढा राग आला का भिंतीवर डोकं आपटावं वाटलं.

तसाच गॅलरीत गेलो. पाटी बदला म्हणालो. त्या बाई म्हणाल्या की पुस्तिका छापून झाली, आणि अज्ञात हा शब्द छान वाटतो. छान! मी पाटी उपटली, मार्करने त्याच भिंतीवर तिन्ही नावं मराठीत लिहिली आणि पट्ट्या काढून घरी आणल्या. त्यांनी मला परत दारात उभं करणार नाही असं सांगितलं. नाही तर नाही.

पट्ट्या घेऊन येतो. तू शिवून देशील का? बाबांना विचार, मी येऊ का म्हणून. स्वतः विचारायचं तोंड नाही मले.

तुझाच,
प्रणित

---

पळसगाव
९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रणितले बाबाचा जयभीम.

सरिता लिहून राह्यली, शब्द माझे हायत. ती मधात रडते, म्हणून अक्षर खराब हाय.

पट्ट्या आणू नोको. सरसात कालवलेला रंग शिवलेल्या जागी झडते, टाका कितीही बारीक घाल. फाडलं ते फाडलं.

भिंती खराब करते असं म्हणालो ते तुले लागलं. अर्धंच ऐकलं तुनं. भिंत ज्याची हाय त्याले विचारून रंगव, असं म्हणालो होतो. तवाही विचारलं नाई, आताही विचारलं नाई. अरे, मांगितला असता तं देला असता. सोता खांद्यावर घेऊन सिंदेवाहीच्या ठेसनवर आलो असतो. फाडतो म्हणाला असता तरी देला असता. मले राग फाडल्याचा नाई, चादरीचा हाय. बापाले उल्लू समजला तू.

सुकलूचा जिराफ मले झोपू देत नाई. म्हणून नवीन मांजरपाट ताणला. उजवा हात थरथरते तं डाव्यानं करून राह्यलो. झाडं वाकडी येतात. येऊ दे, जंगलात कोणतं झाड सरळ असते? वरचं अर्धं झालं. खाली बसता येत नाई, गुडघे वाकत नाई, म्हणून खालची पानं तशीच कोरी हायत.

होळीले आपल्या गावचं नाटक हाय. येऊ का म्हणून बाईकडून काय विचारते? घर कोणाचं हाय?

नेफा अजून शिवला नाई. रंग मुखरू, टाके सरिता, एवढं लिहून ठेवलं. होळीच्या आधी आला तं तिसरं नाव तू सोताच्या हातानं लिहिजो. नाई आला तं जागा मी भरीन. खालची पानं, अज्ञात.

तुझा बाप,
मुखरू