सायकलची ट्यूब अन् न चावलेला साप

तीर्थरूप गुणाबाईले धाकट्या पत्रूचा दंडवत.

बाई, तुही तब्येत बरी असन, भावजीचं जेवणखाण बरोबर असन. इथी नागभीडले आम्ही मजेत आहोत, धान घरी आला. मले साप चावला ही बातमी तुह्या अहेरीपर्यंत पोचली म्हणते. ती खोटी आहे, पण त्यात लोकाईचा दोष नाई.

नसा बंद पडून आपल्या बाबाचा पाय कापावा लागला, हे तू डोळ्यानं पाह्यलं. म्हणून माहा बीपी वाढल्याबरोबर रंजीता (तुही भाची आता चंद्रपूरले फिजिओथेरपी करते) हात धुऊन मांगं लागली. माह्या गुडघ्याले जोराचा व्यायाम झेपत नाई. मंग तिनं डॉक्टरले विचारून उपाय काढला. मांडीले हवेचा पट्टा बांधाचा, रक्त थोडंसंच अडवाचं अन् हलका व्यायाम कराचा. थोड्या कामात जास्त फायदा म्हणे. (शेतीत आजवर उलटंच पाह्यलं.) "पट्टा मीच बांधीन बाबा," असं बजावून ती गेली, पट्टाई घेऊन गेली.

मले दम कुठी? तिसऱ्याच दिवशी सायकलची जुनी ट्यूब मांडीले आवळली अन् आंगणात उठबस चालू केली. थोड्या वेळात पाय निळा, गाठ सुटेना! आडवा पडून बायकोले हाक मारली. बांधलेली मांडी अन् निळा पाय पाहून कलाबाई वरडली, "साप!" शेजारचा बिरजू काठी घेऊन धावला. मी म्हणलो, "अरे, व्यायाम करून राह्यलो." तो म्हणे, "भाऊ बरळून राह्यला, विष चढलं!" मोटरसायकलवर मधात दाबून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, "कोणता साप होता?" म्हणलो, "बावीस इंची ट्यूब."

रंजीता आली, पह्यले रडली, मंग मनसोक्त बोलली. आता दर रविवारी येते, पट्ट्याच्या मीटरवर पाहून स्वतः बांधते. दोन महिने झाले. बीपी उतरला, बांधावरून न बसता फिरतो. पोरगी दर आठवड्याले घरी जेवते, हा फायदा तर डॉक्टरनंई सांगितला नव्हता.

तुहा भाऊ,
पत्रू

ता.क. बाजारात जाताना पोटऱ्या दुखते म्हणून तू तीनदा बसते, असं भावजी सांगत होते. फोनवर तू विषय बदलवते, म्हणून हे पत्र. पट्टा-बिट्टा राहू दे, आधी पायाच्या नसाईची तपासणी कर. रविवारी ये, मी संग चालतो.

आणखी ता.क. डॉक्टरनं तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडाले सांगितलं. सोडला. हे लिहिताना तोंडात आहे ती नुसती सुपारी. कलाबाईनं विचारलं, तर तूई सुपारीच सांगजो.